निवेदनाखाली सही कोणाची? तालुक्यात दिव्यांगांचं नेटवर्क कसं उभं करायचं

पंचायत समितीच्या टेबलापाशी एकटा माणूस कुबड्या टेकत उभा राहिला की त्याला ‘साहेब मीटिंगला गेलेत, पुढच्या सोमवारी या’ एवढंच ऐकायला मिळतं. तो पुढच्या सोमवारी येतोही, पाटणच्या पलीकडच्या एखाद्या वाडीतून दोन एसटी बदलून. तीच मागणी चौदा गावांतल्या छत्तीस जणांच्या सह्यांनी, प्रत्येक गावाच्या अंदाजपत्रकातला आकडा जोडून आली की त्याच टेबलावरचा शिक्का लगेच सापडतो. नेटवर्कचा उपयोग पहिल्यांदा इथे कळतो. पुढे जे लिहिलं आहे ते सातारा जिल्ह्यातला एक तालुका धरून लिहिलं आहे. सांगलीतल्या जत-आटपाडीलाही ते तसंच चालेल, अंतरं तेवढी वेगळी.

खुर्चीवर कोण बसणार, हे आधी

नियम एका ओळीचा ठेवा आणि पहिल्याच बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्या: अध्यक्ष, सचिव, खजिनदार दिव्यांगच असतील, मत दिव्यांग सदस्यांनाच असेल, बाकीचे मदतनीस. मदतनीस गाडी चालवेल, टायपिंग करून देईल, साहेबांकडे सोबत येईल, पण तिथे बोलणार नाही. हा नियम नंतर घालू म्हणाल तर तो कधीच घातला जात नाही, कारण तोपर्यंत एखादे निवृत्त गुरुजी किंवा माजी सदस्य प्रेमाने कारभार बघू लागलेले असतात आणि त्यांना उठवायचा संकोच वाटतो.

हा हट्ट नवा नाही. 1980 साली कॅनडातल्या विनिपेग शहरात पुनर्वसन तज्ज्ञांची जागतिक परिषद भरली होती. तिथे दिव्यांगांनी कारभारात निम्म्या जागा मागितल्या. त्या नाकारल्या गेल्या, तेव्हा त्यांनी वेगळी चूल मांडली आणि 1981 मध्ये सिंगापूरला डिसेबल्ड पीपल्स इंटरनॅशनल उभी राहिली. पुढे 2006 च्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारात कलम 4 च्या तिसऱ्या पोटकलमात हेच आलं: दिव्यांगांबद्दलचे निर्णय घेताना त्यांच्या प्रातिनिधिक संघटनांशी सल्लामसलत करणं सरकारांवर बंधनकारक आहे. भारताने 1 ऑक्टोबर 2007 ला तो करार मान्य केला. आपल्याकडेही 2001 च्या जनगणनेत दिव्यांगत्वाचा प्रश्न आला तो दिव्यांग संघटनांच्या रेट्यामुळे. शेजारच्या कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी स्वतः व्हीलचेअरवर बसून 1984 मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी केली. तेव्हा ‘यांना कोण चालवणार’ असं कुणी विचारलं, तर शेजारचंच उत्तर तयार आहे.

एक अवघड जागा मात्र आहे. बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम असलेल्यांचे आईवडील येतात, पोटतिडकीने बोलतात आणि बोलताबोलता मुलगा बाजूला राहतो. पालकांना जागा द्या, पण ‘पालक प्रतिनिधी’ म्हणून, आणि मुलगा किंवा मुलगी सोबत आली तरच. आधी त्यांना विचारायचं, मग आईला. उत्तर यायला दोन मिनिटं लागली तर दोन मिनिटं थांबायचं.

माणसं कुठे सापडतात

सगळा तालुका एकदम धरू नका. आठ-दहा गावं पुरेत, तीसुद्धा एकाच एसटी मार्गावरची. पाटणमध्ये ढेबेवाडी खोऱ्यातली गावं आणि कोयना भागातली गावं पहिल्या वर्षी एका बैठकीत आणायचा हट्ट धरला तर दोन्हीकडची माणसं गळतात. माणमध्ये अंतर डोंगराचं नसतं, पण दोन गावांच्या मधे सावली नसते. तीनचाकी सायकल हाताने मारत येणाऱ्याला एप्रिलमध्ये दहिवडीला बोलावणं हा अत्याचार आहे.

यादी चार ठिकाणांहून गोळा होते. ग्रामपंचायतीत दिव्यांगांची नोंद असते, ती जुनी असली तरी घ्या. आशाताई आणि अंगणवाडीताईंना घराघरातलं ठाऊक असतं, कागदावर नसलेलंसुद्धा. शाळेत समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक फिरतात. आणि बीएलओकडे, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, मतदार यादीत दिव्यांग म्हणून खूण केलेली नावं असतात. हे सगळे लोक यादी हातात देतीलच असं नाही, द्यायलाही नको. त्यांना एवढंच सांगा: ‘आमचा नंबर त्यांना द्या, इच्छा असेल तर तेच फोन करतील.’

अस्थिव्यंग पुरुष आपोआप येतात. गाडी असते, चौकात बसण्याची सवय असते. बाकीच्यांना शोधावं लागतं. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात 21 प्रकार आहेत. त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आहे, मानसिक आजार आहे, कुष्ठरोगातून बरे झालेले आहेत, पार्किन्सन आहे. यातल्या निम्म्या लोकांना आपण कायद्याने दिव्यांग आहोत हेच माहीत नसतं, आणि मानसिक आजार असलेल्यांना घरचेच येऊ देत नाहीत. कार्यकारिणी अकरा जणांची केली तर त्यात निदान चार बाया, दोन अंध, दोन कर्णबधिर आणि एक बौद्धिक अक्षमता असलेली व्यक्ती असेल एवढं बघा. अकरा हा आकडा अशासाठी की चारजण गैरहजर राहिले तरी सात उरतात आणि निर्णय होतो.

नोंदवहीत रकाने मोजके ठेवा: नाव, गाव, फोन, घरातल्या दुसऱ्या माणसाचा फोन, दिव्यांगत्वाचा प्रकार, यूडीआयडी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहे का, निराधार योजना चालू आहे का, आणि ‘संपर्क कसा करायचा’. शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा. तिथे ‘फोन नको, मेसेज’, ‘फक्त व्हॉइस मेसेज’, ‘दुपारी चारनंतर, भावजयीच्या फोनवर’ असं लिहिलेलं असतं. आधार नंबर या वहीत लिहायचा नाही. वहीचा फोटो ग्रुपवर टाकायचा नाही, एकदासुद्धा नाही.

बैठक

जागा तळमजल्यावरची, आत जायला पायरी नसलेली आणि स्टँडपासून जवळची हवी. समाजमंदिरं बहुतेक तीन पायऱ्यांवर असतात. अशा ठिकाणी दोघांनी उचलून आत नेण्यापेक्षा बाहेर झाडाखाली सतरंजी-खुर्च्या टाकलेल्या बऱ्या. संडासाचं दार आधी मोजून या. बत्तीस इंचांपेक्षा अरुंद असेल तर व्हीलचेअर आत जाणार नाही, आणि मग बाया सकाळपासून पाणी न पिता येतात. दोन बैठकांनंतर त्या येणं बंद करतात आणि आपण म्हणत बसतो की बायकांना आवड नाही.

वेळ अकरा ते दोन. सकाळची एसटी दहापर्यंत पोचते, परतीची चार-साडेचारला मिळते. तालुक्याच्या बाजाराचा दिवस निवडला तर घरचं कुणीतरी तसंही येतं आणि सोबत मिळते. जुलै-ऑगस्टमध्ये पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे बैठक ठेवूच नका, फोनवर घ्या. व्हिडिओ नको, साधा कॉल जोडून घ्या, कारण खोऱ्यात रेंज असली तरी इंटरनेट असेलच असं नाही. कर्णबधिर सदस्यांना त्याच दिवशी संध्याकाळी लेखी मुद्दे पाठवायचे आणि त्यांचं उत्तर आल्याशिवाय निर्णय झाला असं लिहायचं नाही.

बैठकीत शिस्त थोडी वेगळी लागते. बोलणाऱ्याने आधी नाव सांगायचं, प्रत्येक वेळी, म्हणजे अंध सदस्याला कळतं. हात वर करून मतदान घ्यायचं नाही. एकेकाने नाव घेऊन ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं, कर्णबधिरांनी खुणेने सांगितलेलं मोठ्याने वाचायचं. खिडकीकडे पाठ करून बोलणाऱ्याचा चेहरा काळा दिसतो आणि ओठ वाचता येत नाहीत, म्हणून अध्यक्षांची खुर्ची खिडकीसमोर ठेवायची, खिडकीला पाठ करून नाही. खुणांची भाषा येणारा माणूस गावात मिळत नसेल तर जवळच्या कर्णबधिर शाळेत विचारा, आणि त्याला मानधन द्या. फुकट आलेला माणूस तिसऱ्या बैठकीला येत नाही. विषय तीनच ठेवा. सूचनापत्र 18 पॉइंटच्या ठळक अक्षरात छापा. त्याने अल्पदृष्टी असलेल्यांची सोय होते आणि चष्मा विसरलेल्या बाकीच्यांचीही.

पैशाचं एकदाच बोलून घ्या. साठ सदस्य, महिना वीस रुपये, म्हणजे बाराशे. त्यातून चहा, झेरॉक्स, तिकिटं आणि दुभाष्याचं मानधन भागवायचं. एसटीत सवलत आहे, पण स्टँडपासून पुढची रिक्षा महाग पडते. म्हणून प्रवासखर्च मागितल्याशिवायच द्यायचा, पाकिटात घालून. मागायला लावला की लाजेने लोक येत नाहीत.

पहिलं काम: ग्रामपंचायतीचे पाच टक्के

पहिलं काम असं निवडा की जे गावात होतं, आकड्यात मोजता येतं आणि वर्षाच्या आत संपतं. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीला आपल्या स्वउत्पन्नाच्या 5 टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करावी लागते. आधी हे प्रमाण 3 टक्के होतं. बहुतेक गावांत हे सरपंचांना माहीत असतं, ग्रामसेवकाला तर नक्कीच, आणि तरी मार्चअखेर खर्ची घातलेली रक्कम कुणाला मिळाली ते कुणी सांगत नाही. (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात.)

आधी अंदाजपत्रक मिळवा, म्हणजे नमुना 1. गेल्या तीन वर्षांचं. त्यातलं स्वउत्पन्न वेगळं काढा: घरपट्टी, दिवाबत्ती कर, गाळ्यांचं भाडं, आठवडी बाजाराचा लिलाव, दाखल्यांची फी. वित्त आयोगाचा निधी हे अनुदान, ते यात येत नाही. पाणीपट्टीवरून वाद होतो, कारण तिचं खातं वेगळं ठेवतात. पहिल्या वर्षी त्या वादात पडू नका, बाकीचा आकडा पक्का करा. समजा, सगळं मिळून 6,40,000 रुपये आले. पाच टक्के म्हणजे 32,000.

आता खरी परीक्षा. गावात दिव्यांग चाळीस. ग्रामपंचायत म्हणेल, प्रत्येकाला आठशे रुपये खात्यावर टाकू, फोटो काढू, विषय संपला. सदस्यांनाही ते आवडेल, आठशे म्हणजे महिन्याची औषधं. दुसरा म्हणेल, याच पैशात ग्रामपंचायतीला रॅम्प आणि रेलिंग होईल. तिसरी म्हणेल, माझ्या पोराचा व्हीलचेअरचा टायर फाटलाय, तो आधी. हा वाद ग्रामसभेत घालू नका, आठ दिवस आधी आपल्यात घाला. आमचं मत असं: पहिल्या वर्षी निदान निम्मी रक्कम ज्यांची गरज तातडीची आणि महाग आहे त्यांच्या साधनांवर, कुणाला कशासाठी हे लिहून, उरलेली अशा कामावर की जे पुढची दहा वर्षं टिकेल. सगळ्यांना समान वाटप हा सोपा मार्ग आहे, आणि ग्रामपंचायतीला तो आवडतो यातच सगळं आलं. तरी बहुमताने समान वाटपच ठरलं तर ते मान्य करायचं. नेटवर्क चालवणाऱ्यांनी पालकासारखं वागायचं नाही.

मग ग्रामसभा. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या ठरलेल्या तारखा. विषय पत्रिकेवर यायला हवा असेल तर लेखी अर्ज पंधरा दिवस आधी द्या, सभेची नोटीसच सात दिवस आधी निघते. पुढच्या वर्षीच्या आराखड्याची चर्चा 2 ऑक्टोबरच्या सभेपासून सुरू होते आणि अंदाजपत्रक हिवाळ्यात तयार होतं, म्हणून ऑक्टोबरची सभा चुकवू नका. मार्चमध्ये मागणी करणाऱ्याला ‘बजेट संपलं’ हे उत्तर खरंच असतं. कोरम म्हणजे मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, जे कमी असेल ते. कोरम नाही म्हणून सभा तहकूब झाली तर घरी गेलात तरी चालेल, पण तहकूब सभेची तारीख विचारल्याशिवाय जाऊ नका. त्या सभेला कोरम लागत नाही, आणि ठराव बरेचदा तिथेच होतात, पाच माणसांत.

ठरावाचे शब्द आपणच लिहून न्यायचे. ‘दिव्यांगांसाठी योग्य ती तरतूद करावी’ असा ठराव म्हणजे तोंडाला पानं पुसणं. असं लिहा: ‘सन अमुक-तमुकच्या अंदाजपत्रकात स्वउत्पन्नाच्या 5 टक्के म्हणजे रु. 32,000 ची तरतूद करून त्यातून सोबतच्या यादीप्रमाणे खर्च 31 डिसेंबरपूर्वी करावा व खर्चाचा तपशील 26 जानेवारीच्या ग्रामसभेत वाचावा.’ सूचक आणि अनुमोदक दोघंही सदस्यच. आठवड्यात ठरावाची नक्कल मागून घ्या, म्हणजे शब्द बदलले असतील तर तेव्हाच कळेल.

रॅम्प मोजायचा कसा

रॅम्प झाला म्हणून नारळ फोडण्याआधी टेप लावा. हिशोब सोपा आहे: एक फूट उंचीला बारा फूट लांबी. ग्रामपंचायतीच्या तीन पायऱ्या, प्रत्येकी सहा इंच, म्हणजे दीड फूट जोतं. रॅम्प अठरा फूट हवा. ठेकेदार सहा फुटांचा करतो, कारण दारापुढे तेवढीच जागा रिकामी असते आणि वळवून घ्यायचं कुणी सांगितलेलं नसतं. चढ एकास चार झाला की चढताना व्हीलचेअर मागे उलटते आणि उतरताना माणूस पुढे फेकला जातो. असा रॅम्प शेवटी मोटारसायकली चढवायला वापरतात.

रुंदी चार फूट. वर, दारापुढे, पाच फूट बाय पाच फूट सपाट जागा, नाहीतर दार उघडताना चाक मागे घसरतं. दोन्ही बाजूंना कठडा, आणि हात धरायला दोन उंचीच्या दांड्या: साधारण तीस इंचांवर एक आणि छत्तीस इंचांवर दुसरी. कडेला दोन-तीन इंचांची उंच पट्टी, म्हणजे कुबडीचं टोक खाली जात नाही. फरशी गुळगुळीत नको. ‘चांगलं दिसतं’ म्हणून बसवलेली चकचकीत टाइल साताऱ्याच्या पावसात साबणासारखी होते. काँक्रीट ओलं असतानाच झाडूने रेघा मारून घेतल्या की काम झालं. आणि खाली, रॅम्प जमिनीला मिळतो तिथे, दोन इंचांची पायरी राहते. ती बघितल्याशिवाय बिलावर शेरा देऊ नका. कामाचं अंदाजपत्रक हातात आलं की त्यात लांबी काय लिहिलीय तेवढं आधी बघा. खोदाईच्या आधी बोललेलं ऐकलं जातं. नंतर फक्त ‘पुढच्या वेळी बघू’.

कार्डाचा दिवस

यूडीआयडीबद्दल थोडक्यात, कारण माहिती सगळीकडे आहे. अर्ज पोर्टलवरच होतो आणि तपासणी सरकारी रुग्णालयात. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात. 2024 पासून कार्डाचे रंग ठरले आहेत: 40 टक्क्यांखाली पांढरं, 40 ते 79 पिवळं, 80 आणि त्यावर निळं. नेटवर्कने करायचं एवढंच की एकेकट्याला पाठवायचं नाही. एका गाडीतून सहाजण, सोबत एक माहीतगार मदतनीस, जुने कागद, फोटो आणि दुपारचा डबा. अर्ज अडकतात ते दोन कारणांनी. आधारवरचं नाव आणि जुन्या दाखल्यावरचं नाव जुळत नाही, हे एक. दुसरं म्हणजे अर्ज भरून देणाऱ्या केंद्रचालकाने अर्जात स्वतःचा मोबाइल नंबर टाकलेला असतो. मग तारखेचा मेसेज त्याच्याकडे जातो, तुम्हाला कळत नाही, आणि दोन महिन्यांनी ‘अर्ज बाद’. सबमिट करण्याआधी स्क्रीनवरचा नंबर मोठ्याने वाचून घ्यायचा, ही सवय लावा.

कागद वर कसा न्यायचा

तोंडी मागणीला किंमत नाही. प्रत्येक अर्ज दोन प्रतींत, एकीवर आवक शिक्का, तारीख आणि नंबर. ‘शिक्का साहेबांकडे आहे’ म्हटलं तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती वहीत चिकटवा. पंधरा दिवसांनी स्मरणपत्र, त्यात जुना आवक क्रमांक. महिन्याने माहिती अधिकार.

माहिती अधिकाराचा अर्ज संघटनेच्या लेटरहेडवर नको. तो नागरिकाचा हक्क आहे, म्हणून एका सदस्याच्या नावाने करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. महाराष्ट्राचा नियम तसा आहे. ‘का खर्च केला नाही’ असा प्रश्न विचारलात तर उत्तर येणार नाही, कारण ‘का’ ही माहिती नसते. विचारा: ‘सन अमुक ते अमुक प्रत्येक वर्षी स्वउत्पन्न किती, दिव्यांगांसाठी 5 टक्के तरतूद किती, खर्च किती, लाभार्थी यादी व प्रमाणकांच्या छायाप्रती द्याव्यात.’ तीस दिवसांत उत्तर हवं. नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, वीस रुपयांचा स्टॅम्प लावून. एक गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते: लिहिता येत नसेल तर तोंडी मागणी लिहून घेणं माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि अंध किंवा कर्णबधिर अर्जदाराला माहिती पाहण्यासाठी मदत करणंही. अंध सदस्याने स्वतः जाऊन हा हक्क एकदा वापरला की कार्यालयातला सूर बदलतो.

ग्रामपंचायतीवर गटविकास अधिकारी, त्यावर जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. योजनांसाठी जिल्हा परिषदेतला समाजकल्याण विभाग. तिथेही हललं नाही तर पुण्याला राज्याचे दिव्यांग आयुक्त. त्यांच्याकडे तक्रारीची चौकशी करण्याचा अधिकार आहे, सुनावणीपुरते दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, आणि त्यांच्या शिफारशीवर काय केलं ते संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत कळवायचं असतं. पुण्याच्या तक्रारीत भावनेचे दोन परिच्छेद लिहू नका. तारखांचा एक तक्ता द्या: अर्ज कधी, स्मरणपत्र कधी, उत्तर काय. आठ गावांचा एकच तक्ता असेल तर चूक एका ग्रामसेवकाची राहत नाही, तालुक्याची होते. एकट्या अर्जदाराला हा तक्ता करताच येत नाही.

कलमांची धमकी देत फिरू नका. 2016 च्या अधिनियमाच्या कलम 92 मध्ये दिव्यांगाचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान केल्यास सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे, हे खरं. पण ‘उद्या या’ म्हणणाऱ्या कारकुनाला ते ऐकवलं की दार कायमचं बंद होतं, आणि खरोखर अपमान होतो तेव्हा पोलीस ठाण्यात आपलं कुणी ऐकत नाही. कलम 23 च्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचंही तसंच. ते नोकरीतल्या भेदभावासाठी आहे, रॅम्पसाठी नाही. चुकीचं कलम लिहिलेला अर्ज परत पाठवायला सगळ्यात सोपा.

कुठे बिघडतं

निवडणुका आल्या की आयत्या बिळावर नागोबा येतात. नोंदवहीत साठ फोन नंबर आहेत हे कळलं की चहापाणी सुरू होतं. पक्षाचं काम वैयक्तिक कुणीही करावं, पण कार्यकारिणीतल्या माणसाने उमेदवारी भरली किंवा प्रचार केला तर तेवढे महिने पद सोडायचं, हे आधीच लिहून ठेवा.

दुसरा धोका एजंटचा, आणि तो बाहेरून येत नाही. आपल्यातलाच एखादा हुशार सदस्य तहसील कार्यालयात ओळखी करतो, निराधारचे अर्ज भरून देऊ लागतो, आणि मग ‘खर्चाला’ पाचशे रुपये. लोक तक्रार करत नाहीत, कारण काम झालेलं असतं. उपाय एकच: अर्ज भरण्याचं काम दोघांनी मिळून, ठरलेल्या दिवशी, सगळ्यांसमोर करायचं, आणि झेरॉक्सचा दर भिंतीवर लावायचा.

3 डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन. त्या आठवड्यात बोलावणी येतात, व्यासपीठावर शाल मिळते, काठ्या आणि ब्लँकेट वाटली जातात. जायचं असेल तर जा. पण त्या कार्यक्रमाची पायरी किती इंचांची होती आणि दिव्यांग वक्ता कितव्या क्रमांकाला बोलला, हे वहीत लिहून आणा. पुढच्या वर्षी आमंत्रण आलं की आधी हे दोन आकडे त्यांना कळवा.

व्हॉट्सॲप ग्रुप सुप्रभातने मरतो. दोन ग्रुप करा. पहिल्यात फक्त सचिव लिहितील, आणि प्रत्येक मजकुरासोबत व्हॉइस मेसेज; सूचनेचा फोटो टाकला की अंध सदस्याचा फोन तो वाचू शकत नाही, म्हणून मजकूर टाइप करूनच. दुसऱ्या ग्रुपवर फुलं, गाणी, काय ते चालू द्या.

नोंदणीची घाई नको. सातजण मिळून संस्था नोंदवता येते, साताऱ्यात धर्मादाय कार्यालय आहेच. पण त्यानंतर दरवर्षीचं ऑडिट आणि बदल अर्ज मागे लागतात, आणि ते थकले की विश्वस्तांची भांडणं. निवेदन द्यायला, ग्रामसभेत बोलायला, माहिती मागायला नोंदणी लागत नाही. पैशासाठी खातं हवं असेल तर आधी ‘उमेद’ या सरकारी ग्रामीण उपजीविका अभियानाखाली बचत गट करा. दिव्यांगांच्या गटाला पाच सदस्य पुरतात, आणि त्यात पुरुषही चालतात. वर्षभर बैठका सलग झाल्या आणि कुणी अनुदान द्यायला तयार असेल तरच धर्मादायची पायरी चढा. ती पायरीही मोजून ठेवा.

पद दोन वर्षांचं. सलग दोनदा तीच व्यक्ती नको, कितीही चांगली असली तरी. सचिव बदलताना सगळ्यांसमोर मोजून द्यायच्या वस्तू सहा: नोंदवही, इतिवृत्ताची वही, आवक-जावक फाइल, पासबुक, ग्रुपचे ॲडमिन हक्क आणि नेटवर्कचा नंबर असलेलं सिम. सिम ज्याच्या नावावर असेल त्याने त्याच दिवशी कंपनीच्या दुकानात येऊन ते बदलून द्यायचं. हे उद्यावर टाकू नका, कारण तालुक्यातले सगळे फोन त्याच नंबरवर येत असतात.